अकरा मडक्यांचा मालक

दारात उभं राहून एखाद्याने "रामराम, मी चोराचा नातू," अशी ओळख करून दिली तर काय करावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दार लावून घेतलं. कडी घातली आणि वर खिडकीतून "आम्हाला काही नको" असंही कळवलं. बायको स्वयंपाकघरातून आली, मला बाजूला सारून तिने कडी काढली. "या बाबा. शेवळं आणलीत? काकडं पण द्या बरोबर, नाहीतर घसा खाजतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दर वर्षी जी रानभाजी दोनदा वाढून घेता ना, ती हे आणतात."

पनवेलच्या बाजारात सगळे त्यांना काथबाबा म्हणत. कोनच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची कातकऱ्यांची वाडी. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण ती पाहायला कुणी जातच नाही. सुकलेल्या वेलीसारखं अंग, डोक्याला मळकं फडकं. वय विचारलं की म्हणत, "फारेस्टवाल्याला इचारा. झाडा मोजतो तवा आमाला पन मोजतो."

त्यांची एक खोड होती. अंगावर गणवेश किंवा हातात फाइल असलेला कुणीही दिसला की बाबा हात जोडून विचारायचे, "साएब, आमची अकरा मडकी कदी देताय?" वनरक्षक, तलाठी, जनगणनेला आलेल्या मास्तरीणबाई, एकदा तर बँकेचा पहारेकरी, कुणीच सुटलं नाही. पहारेकरी बिचारा आत जाऊन मॅनेजरला विचारून आला.

मडक्यांची हकीकत मी निदान दहा वेळा ऐकली. बाबांचे आजोबा काथ करायचे. खैर तोडायचा, त्याच्या गाभ्याचे ढलपे मडक्यात उकळायचे, लाल पाणी आटवत न्यायचं, की खाली काथ उरतो. कातकरी हे नावच त्यावरून पडलं. मग इंग्रज सरकारने जंगलाभोवती रेघ ओढली आणि आतला प्रत्येक खैर सरकारचा झाला. काल जो धंदा होता तो आज चोरी ठरला. आजोबांना पेटत्या चुलीपाशी पकडलं. सहा आठवडे सक्तमजुरी आणि मडकी जप्त. "आजा काथ करायचा, बाप कोलसा, मी वीट," बाबा सांगायचे. "आगीपासून आमी काय हललो नाय. आगीतला माल तेवढा दुसऱ्याचा झाला."

मी त्या काळी, म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत, इंग्रजांच्या शिस्तीचा मोठा भक्त होतो. त्यांचे पूल, त्यांची टपालव्यवस्था, त्यांची सही! कचेरीत माझ्या इंग्रजी पत्रांना मान होता आणि तो मान मी घरी येऊन पुन्हा एकदा स्वतःला देत असे. एकदा जेवण झाल्यावर पानाला काथ लावता लावता मी बाबांना म्हटलं, "ते काही असो बाबा, शिस्त होती हो त्या लोकांची."

"व्हती ना," बाबा पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले. "मडकी मोजून नेली. एक फुटका व्हता, तो पन मोजला."

मी पान तोंडात टाकलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "रंगलं," ते म्हणाले. "आमच्या आज्याला आत टाकला त्यो याच्यासाठीच." त्या दिवशी मला पान गिळताही येईना आणि थुंकताही येईना. बायको दारात उभी राहून माझी ती अवस्था मन लावून बघत होती.

मग वाडीच्या अंगाने एका नव्या वसाहतीची भिंत सरकू लागली. आज करवंदीपर्यंत, उद्या पाणवठ्यापर्यंत. भिंतवाल्यांचा माणूस येऊन विचारून गेला, "तुम्ही इथले कशावरून? कागद काय?" घरं तीस, जागेचा कागद एकही नाही. वनहक्काचा दावा मंजूर झाला तरच वाडी टिकणार होती, आणि अर्ज लिहायला बाबांनी पनवेलमधला सर्वांत मोठा विद्वान निवडला, म्हणजे मी.

बाबांनी कमरेची बांबूची नळी काढली. तिच्यातून एक पिवळा कागद निघाला. छापील इंग्रजी नमुना, मधे मधे शाईने भरलेला. आरोपीचं नाव. राहणार, आणि पुढे वाडीचं नाव. गुन्हा: काथासाठी खैर तोडणे. जप्त माल: कोयता एक, मडकी अकरा. खाली कुण्या गोऱ्या साहेबाची झोकदार सही. मी सही बघून हरखलो आणि मजकूर वाचून शरमलो.

फाइल मी मोठ्या हौसेने तयार केली. अर्ज, नकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं टाचलं. तो कागद मात्र काढून ठेवला. गरीब माणूस, आधीच अडचणीत, त्यात आजा शिक्षा झालेला हे साहेबांपुढे कशाला? असा माझा उदात्त विचार. बाबांच्या आजाला इंग्रजाने चोर ठरवलं होतं, ते बाबांनी कधी मानलं नाही. मला ते पटवायला कुणी आलं नव्हतं, तरी तो शिक्का मी मुकाट मानून बसलो होतो.

दाव्याच्या सुनावणीला प्रांतसाहेबांनी फाइल चाळली. "जुना पुरावा कुठाय?" आदिवासींच्या दाव्याला इतका जुना पुरावा कायद्यात लागत नाही, हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. पण खुर्चीला जुना कागद आवडतो.

"हाय ना," बाबा म्हणाले. "भाऊ, दाखवा."

"तो... मी लावला नाही," मी म्हटलं. "जरा अब्रूचा प्रश्न होता."

"कोनाच्या?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

साहेबांनी तीन आठवड्यांनी पुढची तारीख दिली. कागद आणा, नाहीतर दावा फेटाळतो.

घरी येऊन मी कपाट उघडलं, तर कागद तिथे नव्हता. तो मी अगदी सुरक्षित जागी ठेवला होता, इतक्या सुरक्षित की ती जागा मलाच सापडेना. गाद्या उलथल्या, माळा उतरवला. बाबा एक दिवसाआड यायचे, पायरीवर बसायचे. फक्त जाताना सांगायचे, "भिंत पानवठ्याला टेकली, भाऊ." तारखेच्या आदल्या दिवशी बायकोने मिक्सरच्या गॅरंटी कार्डाच्या पिशवीतून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

साहेबांनी कागद उजेडात धरला, भुवया चढवल्या. "अहो, हा तर गुन्ह्याचा कागद आहे!"

"हाय ना," बाबा म्हणाले. "पन गुन्हेगार ऱ्हातो कुठं, त्ये वाचा ना साएब."

साहेबांनी वाचलं. नकाशा बघितला. पुन्हा वाचलं. तीस घरांमागे एकच सरकारी साक्षीदार उभा होता, तोही शिक्षा देणारा. मग त्यांनी मंजुरीचा शेरा मारला आणि सौजन्याने विचारलं, "आणखी काही म्हणणं?"

"मडकी," बाबा म्हणाले. "अकरा. वर लिवलीत."

हक्काचं पत्र हाती यायला पुढे दीड वर्ष गेलं. त्या आधीच्या थंडीत बाबा वीटभट्टीवरून येऊन ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. पत्र घ्यायला त्यांची सून सोमी गेली. आम्ही दोघं वाडीवर गेलो तेव्हा भिंत पाणवठ्यापासून चार हात मागे सरून थांबलेली होती. सोमीने नवं पत्र नीट गुंडाळलं आणि त्याच बांबूच्या नळीत, आजोबांच्या गुन्ह्याशेजारी सारलं.

मला राहवेना. "अगं, या दोन गोष्टी एकत्र कशाला? नवं पत्र माझ्याकडे दे. प्लास्टिकमध्ये घालून, घरी कपाटात सांभाळून ठेवतो."

सोमीने नळी कमरेला खोचली आणि हसून आत पाणी आणायला गेली.

स्कूटरवरून परतताना आम्ही कोन ओलांडलं. बायको मागून म्हणाली, "चोराच्या घरात तो कागद तीन पिढ्या राहिला. तुमच्यासारख्या सभ्य माणसाच्या घरात तीन आठवडे टिकला नाही. नवं पत्र मागताना लाज नाही वाटली?"