खालांची कामिनी

शेजारच्या खाला उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघाल्या, तेव्हा कामिनीची कुंडी आमच्या अंगणात ठेवून गेल्या. पांढऱ्या, वासाच्या फुलांचं ते शोभेचं झाड माझ्या खांद्याएवढं झालं होतं. "दोन टाइम पाणी दे बेटा. चंद्रपूरचं ऊन तुले माहीतच आहे," एवढंच म्हणाल्या.

कुंडी सिमेंटची. खालांच्या मिस्टरांचं टेलरिंगचं दुकान होतं. त्यांनी ती घरीच ओतली होती आणि ओल्या सिमेंटात खालांच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे बसवले होते. ते गेले, भाड्याची घरं बदलली, पण कुंडी प्रत्येक घरी खालांसोबत गेली.

मे महिन्यात पानं सुकायला लागली. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली होती. जमिनीत लावलं तर झाड जगेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण दोनदा बादली उचलायचा मला कंटाळा आला होता, हेही खरं. खालांना फोन करून विचारता आलं असतं. नाही म्हणतील, म्हणून केला नाही.

मुळांनी कुंडी इतकी घट्ट धरलेली की झाड निघेचना. शेवटी हातोडी घेतली. खड्ड्यात शेणखत टाकून कामिनी लावली. कुंडीचे तुकडे कचरागाडीत गेले. आधी पानं गळाली, मग पावसात झाड फोफावलं.

दसऱ्यानंतर खाला आल्या त्या घर कायमचं नागपूरला हलवायलाच. टेम्पो भरून झाल्यावर आमच्या फाटकाशी आल्या. झाड बघून हसल्या. मग इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "कुंडी कुठी ठेवली?"

"फुटली, खाला." आणि मग म्हणाले, "मीच फोडली."

मी फावडं आणायला वळले, तर त्यांनी हात धरला. "राहू दे. आता काढशील तं मरून जाईल ते."

टेम्पोत मागच्या बाजूला कुंडीपुरती जागा सोडून पोतं अंथरलेलं होतं. ड्रायव्हरनं ते घडी करून सीटखाली टाकलं.

पुढे एकदा त्यांचा फोन आला. नातवाचं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फुलली का गं?"

अंगणभर वास सुटला होता.

"थोडीशी," मी म्हणाले.