दादाने संथ वाजवलेलं गाणं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात परीक्षेच्या बैठकव्यवस्थेची यादी करत होते. फोन ठेवला, राहिलेली अकरा नावं लिहिली, यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि मग निघाले. पुढे वहिनीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ह्यांनी बी गाणं पुरं करूनच हात उचलला असता." त्याला आता दीड महिना झाला. लोक दादाबद्दल चांगलं बोलतात, शांत होता म्हणतात, कुणाशी वैर नव्हतं म्हणतात. त्याचं नसेल. माझं होतं, अजून आहे, आणि ते त्याने माझ्यासाठी कसं वाजवून दाखवलं, ते लिहून ठेवायला हवं.

माझा थोरला भाऊ शंकर म्हणजे मंगळवार पेठेतला बेंजोवाला. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य टेम्पोत मांडायचं, कर्ण्याला जोडायचं, मागे ढोल, ताशा, खुळखुळे. नव्वदनंतर पॉप गाण्यांच्या कॅसेटी आल्या आणि लग्नांत त्यांचीच फर्माईश सुरू झाली. दादा एकेक ओळ दहा वेळा मागे घेऊन ऐकायचा आणि चाल बोटांत बसवायचा. मी ड्रायव्हरशेजारी वही घेऊन बसायची. कोणत्या गावाला कधी पोचायचं, नवरदेव कुठून निघणार, गाणी कोणत्या क्रमाने, सगळं माझ्याकडे. बेंजोला शब्द नसतात, ते ऐकणारा मनात म्हणतो. म्हणून दादा म्हणायचा, "आपण निस्ती वाट दावायची, माले. चालतंय त्ये लोक."

याच वहीपायी माझं लग्न मोडलं. साखरपुडा झाला होता, मुलगा वडगावचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या हातून ते छापून यायचं सुख त्याला मिळणार नाही. महिन्याभरात मध्यस्थ निरोप घेऊन आले, "वरातीतनं हिंडणारी पोरगी नको म्हणत्यात." मुलाने स्वतः एक चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही. आईने साडी परत केली. मी विसरले नाही. वर्षभरात त्याचं दुसरीकडे ठरलं, आणि त्याचे मित्र आमच्याच दारात सुपारी द्यायला आले. बेंजो शंकरचाच पाहिजे होता. त्यांच्यातल्या एकाने भीत भीत विचारलं होतं म्हणे, की ती माणसं येतील का. त्यावर मुलाचा बाप म्हणाला होता, "वाजवायचं कामच हाय त्येंचं. येतील की." साखरपुडा मोडल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

दादाने सुपारी घेतली. त्या दुपारी मी त्याच्यापुढे तीन पर्याय ठेवले: ऐन वेळी जायचंच नाही, नाहीतर वाटेत टेम्पो बिघडवायचा, नाहीतर मी माईकवर सगळ्या गावाला सांगते. त्याने जेवता जेवता ऐकून घेतलं.

"माईकवर बोललीस तर वाईट कोण? तूच," तो म्हणाला.

"मग गप बसू?"

"गप कशाला? त्येंची यादी वाच की."

सुपारीबरोबर आलेल्या फर्माइशींच्या यादीत पहिल्या नंबरला त्या वर्षीचं सगळ्यांत गाजलेलं पॉप गाणं होतं. रिक्षात, सलूनमध्ये, गणपतीच्या मांडवात, सगळीकडे तेच. एक मुलगा मुलीला नाचायला बोलावतोय, लवकर ये म्हणतोय, एवढाच मतलब. ठेका असा की म्हाताऱ्याचाही पाय हलेल. दादालाही ते फार आवडायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरातच बेंजो मांडून त्याने ठेका काढून टाकला आणि लय निम्म्यावर आणली. "ये" म्हणतात त्या सुरावर मूळ गाण्यात गायक टेकून लगेच पुढे पळतो. दादा तिथेच थांबला, तार थरथरत ठेवली... आणि पुढच्या ओळीला इतक्या उशिरा गेला की ती येणार नाही असंच वाटलं. एकही सूर त्याने बदलला नव्हता. तरी बोलावण्याचं गाणं वाट बघून थकलेल्या माणसाचं झालं. मी भाकरी थापत होते, हात थांबला. दादा म्हणाला, "सूर त्येंचंच हायत. थांबायच्या जागा आपल्या."

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. उन्हं कलताना नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला. मित्रांनी रुमाल काढले, हात वर केले. दादाने ढोलवाल्यांना काठ्या खाली ठेवायला लावल्या आणि सुरू केलं. पोरं दोन-चार उड्या मारून थांबली, कारण पाय टाकायला ठेकाच सापडेना. हात मात्र वरच राहिले होते.

"मास्तर, पळवा की जरा," एकाने टेम्पोला थाप मारली.

"यादीतलंच हाय की पावणं. पहिल्या नंबरचं."

"व्हय, पर आसलं?"

"आसलंच हाय. नीट ऐका."

दाराशी उभी असलेली एक आजी पदराने डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "कुणाची लेक निघाली गं?" मग तिच्याकडे बघून आणखी दोघी रडल्या, आणि नवऱ्याची आईही रडायला लागली, कशासाठी ते तिलाच ठाऊक नव्हतं. नवरदेवाला ठाऊक होतं. शब्द त्याला पाठ होते. घोड्यावरून त्याने टेम्पोकडे पाहिलं, मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी मान खाली घातली नाही. वही उघडली आणि पहिल्या नंबरापुढे बरोबरची खूण केली. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि आज चाळिशीत तसं लिहायला लाजही वाटत नाही.

दादाला ते महागात पडलं. शंकर बेंजोवाला लग्नात रडवतो, असा बोलवा झाला, आणि दोन वर्षं लग्नाचं काम जवळजवळ बंदच होतं. पुढे काम परत आलं. ते गाणं मात्र त्याने पुन्हा जलद वाजवलं नाही. फर्माईश आली तर म्हणायचा, "त्ये न्हाय येत मला." एकदा मला म्हणाला, "बोटं त्या थांबलेल्या जागंवरच जात्यात बघ." त्याचं आवडतं गाणं माझ्या सुडात गेलं. एवढ्या एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, बाकी कशाचं नाही.

दादाच्या आठव्या दिवशी तो वडगावचा पाहुणा दारात आला. अंग सुटलेलं, हातात हेल्मेट. मला ताई म्हणाला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.

"टीव्हीवर ते गाणं लागलं की आमची ही बंद करती," तो म्हणाला. "म्हणती, तुमचं तोंड उतरतंय."

"बरं करती."

"तवा चुकलंच आमचं, ताई. मनात ठिवू नका."

"ठिवलंय," मी म्हटलं.

तो उठला, दारापाशी थांबला. "दादांनी वाजवलेलं त्ये... कुठं टेप हाय काय? एकदा नीट ऐकायचं हुतं."

"न्हाय," मी म्हटलं.

टेप आहे. स्वयंपाकघरात सराव चालला होता तेव्हा मीच भरून ठेवली होती, किती मिनिटं लागतात ते मोजायला. त्यात तव्याचा आवाज आहे, मधेच आई काहीतरी विचारते. संथ गाणं संपल्यावर टेप बंद करायची राहून गेली होती. दादा घोटभर पाणी पितो, हसतो आणि तेच गाणं मुळासारखं वाजवतो, पळतं, उड्या मारत, मधे तोंडाने ढोल वाजवत. शेवटी म्हणतो, "झालं. आता ह्ये ठेव जा." रविवारी सगळं आवरलं की मी दार लावून घेते आणि तेवढाच पळता तुकडा ऐकते. पाहुण्याच्या वाट्याला संथ गाणं आलंय. जन्मभर त्याने तेच ऐकावं.