कॅलेंडरवरचा पाऊस

नाशिक रोडच्या घरी कॅलेंडरचं जूनचं पान उलटलं. जुलैवर माझी चुलती होती, वीस वर्षांपूर्वीची, आभाळाकडे तोंड उघडून पाऊस झेलणारी.

घोटीजवळच्या आमच्या गावात हा फोटो काढला ऐन मे महिन्यात. पावसाळ्याचे फोटो उन्हाळ्यातच विकले जातात म्हणे, म्हणून शहरातला फोटोग्राफर टँकर घेऊन आला. विहिरी आटलेल्या, आम्ही हंडे घेऊन धावलो. त्यानं ते पाणी वावरात सोडून चिखल केला, उरलेलं पाइपानं वरून फवारलं.

"भाऊ, प्यायला नाय का?" चुलतीनं विचारलं.

"आधी फोटो. हंडे बाजूला ठेवा, मध्ये येतात. आणि हसा!"

खाली छापलंय, 'पहिल्या सरीचा आनंद'.

मेल्यांनो, ती पाणी पीत होती.