तिवरांसाठी मागितलेला कौल

माझ्या सासूबाईंना आता चालता येत नाही. कुलदेवीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. देवी कोकणात, खाडीच्या काठी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे. पोलोग्राउंडला माझं पत्र्याच्या डब्यांचं वर्कशॉप आहे. अडचण दिसली की हटवायची, एवढंच मला येतं. देवीवर विश्वास होता, पण तिनं माझ्या कामात मध्ये बोलावं असं कधी वाटलं नव्हतं.

देवळाकडे डोंगरातून उंच पायऱ्या उतरतात. खाडीच्या बाजूनं मात्र सपाट; होडीतून चाकांची खुर्ची थेट दारात नेता आली असती. आड होती चिखलातली तिवरांची दाट झाडी. सासूबाईंना वर गाडीत बसवून मी खाली गेले आणि गुरवांना म्हणाले, खुर्चीपुरती वाट तोडून घेऊ.

"तिवरं तोडायला बंदी आहे, ताई. आणि देवीलाही विचारावं लागेल."

त्यांनी कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावी.

वर येऊन तणतणले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू देवीशीपण बहस करून आलीस? ती काय तुझी सप्लायर आहे?"

गावातल्या चौघांनी त्यांना डोलीतून खाली आणलं. दर्शन झालं, देवळाशेजारच्या खोलीत मुक्काम झाला. पण उतरवतानाच चौघांची दमछाक झाली होती; परत चढवायचं कसं? गुरवच पाकळी सैल लावत असतील, असं मी मनाशी ठरवलं आणि त्यांना न सांगता दुसऱ्या दिवशीसाठी तोडणारी माणसं बोलावली.

सकाळीच वादळी वारा सुटला, माणसं आली नाहीत. दुपारी भरतीला समुद्र खाडीत घुसला. लाटा पुरुषभर उंच येत होत्या, आणि तिवरांत शिरल्या की त्यांचा जोर मोडत होता. मुळांच्या जाळ्यातून, खोडांना अडखळत त्या आमच्या ओसरीपर्यंत पोचल्या तेव्हा घोट्याएवढं पाणी उरलं होतं. सासूबाईंना उचलून पायऱ्यांवर न्यायला वेळ मिळाला. पलीकडे कुणीतरी होड्यांसाठी तिवरं तोडून वाट केली होती. तिथं लाट सरळ आत गेली आणि जांभ्याची भिंत आडवी झाली. त्या भिंतीमागे कुणी नव्हतं. माझ्या वाटेच्या टोकाला सासूबाई असत्या.

पाणी ओसरल्यावर देवीसमोर बसले. मान वर होईना. तिनं दोनदा सांगितलं होतं, आणि मी तिच्यावर नाही तर गुरवांवर संशय घेऊन मोकळी झाले होते. बाहेर सासूबाई गुरवांना इंदुरी थाटात म्हणत होत्या, "आमची बहू पहिल्यांदा चूप बसलीय, भिया. बघून घ्या."

गुरवांची माफी मागितली. त्यांनी हातावर अंगारा ठेवला.

इंदूरला परतल्यावर काम तसंच चाललंय. देवापुढे हात जोडते, पण मागणं तोंडाशी येऊन थांबतं. ती लाज अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये. त्या दिवशी देवीनं माझं ऐकलं नाही, म्हणून आता आतल्या खोलीतून चहासाठी सासूबाईंच्या हाका येताहेत. उठते.