बाकुलीनं विणलेलं कफन

आमच्या डोंगरावर दर काही वर्षांनी कबर उघडून पूर्वजांची हाडं नव्या कापडात गुंडाळतात. त्यांना पॉलिस्टरमध्ये गुंडाळणं म्हणजे पाहुण्याला शिळा भात वाढणं. त्यांना थंडी वाजते, त्यांना तापियाच्या रानातलं रेशीमच लागतं. आणि ते विणावं बाकुलीनंच, असं अख्ख्या पंचक्रोशीचा हट्ट.

चाळीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही. तापियाच्या झाडांवर सुरवंट पोसतात, मातकट कोश बांधतात. ते काढायचे, आतला किडा तेलात परतून भाताबरोबर खायचा, कोश राखेच्या पाण्यात उकळून हातानं सूत काढायचं. बाईचा हात मऊ, पण जीभ धारदार. कुणी पोरगी झाड ओरबाडताना दिसली की ही खालून ओरडायची, "अगं ए भवाने, झाडाला सात कोश ठेव! पतंग बाहेर पडला नाही तर अंडी काय तुझा बाप घालणार?"

त्याच बाकुलीनं गेल्या वर्षी सगळं रान ओरबाडलं.

तिचा एकुलता एक पोरगा सुलुफू दक्षिणेत नीलमच्या खाणीवर गेला होता. चार वर्षांपूर्वी दरड कोसळली, मेला, तिथंच पुरला. परक्या मातीत राहिलेला माणूस आमच्यात हरवलेलाच धरतात. यंदा हिवाळ्यात घराण्याची कबर उघडून सगळ्यांना नवी वस्त्रं नेसवायची होती, आणि तिचा दीर रानायवू सुलुफूची हाडं आणणार होता. पोराला आपल्या हातच्या रेशमात, बापाशेजारी निजवायचं, एवढ्यासाठीच ही विधवा बाई तग धरून होती. पण वणव्यानं अर्धं रान खाल्लेलं. उरलेल्या झाडांवर तिनं सात सोडा, एक कोश ठेवला नाही.

"बाकुली, अगं तूच?" शेजारीण म्हणाली.

"हो, मीच. पाप लागलं तर मला लागू दे. तुझा पोरगा घरात जेवतोय ना? मग गप बस."

या वर्षी रानात एक पतंग उडाला नाही. ते एक तपकिरी कफन तेवढं झालं, दुसरं आता कित्येक वर्षं होणार नव्हतं.

ठरल्या दिवशी ढोल लागले, डुकराच्या चरबीतल्या भाताची पातेली उतरली. रानायवू चार दिवसांच्या प्रवासानं काळा ठिक्कर पडून आला. "वहिनी, आणला बघ तुझा पोर!" म्हणत त्यानं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. बाकुलीनं ते पोटाशी धरलं. मग जुनी चादर सोडून ती हाडं एकेक करून आपल्या कापडात ठेवू लागली.

डाव्या हाताचं हाड लागलं, तिनं ते मनगटापासून वर चाचपलं. सुलुफू नऊ वर्षांचा असताना तापियावरून पडला होता. डावा हात वाकडा जुळला, मनगटाच्या वर ही एवढी गाठ राहिली. तिनं स्वतः महिनोन् महिने ती चोळली होती. हे हाड सरळसोट होतं. तिनं उजवं पाहिलं. तेही सरळ.

"भाऊजी, जागा कुणी दाखवली?"

"कुणी म्हणजे..."

"खरं सांगा."

रानायवूनं मान खाली घातली. "पाट्या कुठं होत्या, वहिनी! सगळा डोंगर उकरलाय. पुरलेल्यांचे अकरा ढीग होते. एक बाई म्हणाली, बहुतेक हाच. रिकाम्या हातानं तुला तोंड कसं दाखवू?"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. ढोलात त्यांचं बोलणं कुणाला ऐकू आलं नव्हतं. तिनं एक शब्द काढला असता तर हे गाठोडं बाहेर उतारावर टाकलं गेलं असतं, कारण परक्याला कबरीत जागा नाही. कापडही वाचलं असतं सुलुफूसाठी. तिनं कापड ओढून घेतलंसुद्धा. हाडं उन्हात उघडी पडली. कोवळी होती, विशीतल्या पोराची. "तुझीही आई कुठंतरी वाट बघत असेल रे," ती पुटपुटली आणि तिला भडभडून आलं. तिनं कापड परत पसरलं, आणि पोटच्या पोराला गुंडाळावं तसं त्याला गुंडाळलं.

रालाय म्हातारा काळं पेन घेऊन आला. पुढच्या वेळी हाडांची सरमिसळ नको, म्हणून आम्ही कफनावर नाव लिहितो. एकदा नाव लिहिलं की माणूस घरी आला. मग त्याला शोधायला कुणी जात नाही, हरवलेल्यांसाठी करतात तसा त्याच्या नावानं दगडही उभा करत नाहीत.

"सांग बाकुली, काय लिहू?"

रानायवू तिच्याकडे बघत होता.

"लिहा," ती म्हणाली, "सुलुफू."

लोकांनी गाठोडं खांद्यावर घेतलं, नाचायला लागले. त्या दिवशी रडायचं नसतं, पूर्वज रागावतात. म्हणून बाकुलीही नाचली. दक्षिणेत तिचा पोर कुठल्या ढिगाखाली आहे, हे आता कुणीही विचारणार नव्हतं.