पंप बंदच होता

मार्चमध्ये सासूबाईंना घेऊन डोंबिवलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, शेवटचं चेकअप होतं. मी फक्त सोबतीला.

आईंचं झाल्यावर डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही कधी तपासलेत का डोळे?" चाळिशीला अजून दोन वर्षं होती, चष्मा कधी लागला नव्हता... पण गेला आठवडाभर डोकं दुखत होतं. मॅडमना तसं सांगितलं. वाटलं, नंबर आला असेल. बसले खुर्चीत.

तक्ता अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन्ही डोळ्यांनी. जरा शायनिंगच मारली म्हणा ना. कोपरला बालवाडीत शिकवते मी, अक्षरांशी रोजचीच गाठ!

"नजर उत्तम आहे. पण आलाच आहात आणि डोकं दुखतंय म्हणता, तर पडदाही बघून घेऊ," असं म्हणून त्यांनी थेंब घालायला सांगितले. अर्धा तास बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा सगळं पांढरंफटक... माणसांना चेहरेच नव्हते. शेजारी बसलेल्या आईंचं नुसतं कुंकू दिसत होतं.

आम्हा दोघींना परत आत बोलावलं. मॅडमनी खोलीत अंधार केला. उजवा डोळा बघितला, मग डावा. मग पुन्हा उजवा.

इतका वेळ त्यांचं चालू होतं, वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा... ते अचानक थांबलं. तो प्रखर उजेड माझ्या डोळ्यात, आणि इतक्या जवळ बसून त्या काहीच बोलेनात.

मग अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वाकून उठलात की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येतो का हो?"

येत होता. वर्गात मुलांचे ठोकळे उचलताना यायचा... दोन सेकंद सगळं काळं, की पुन्हा नीट. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

"आणि कानात आवाज? नाडीच्या ठोक्याबरोबर?"

तोही येत होता.

दहा-बारा दिवस दुपारी घरी एकटी असले की एक आवाज यायचा. फुस्स... फुस्स... अगदी लयीत. मला वाटलं, सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडलाय. दोनदा सेक्रेटरी काकांकडे तक्रार केली.

दुसऱ्यांदा ते वैतागले आणि मला खाली घेऊन गेले. पंपाची खोली उघडली, मोटरवर हात ठेवायला लावला. थंडगार. पंप बंदच होता. आणि तिथे उभी असताना मला तो आवाज तसाच ऐकू येत होता...

काकांना सॉरी म्हणून मी जिने चढून वर आले. आवाजही माझ्यासोबत वर आला.

हे या बाईंना कसं कळलं? मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. माझ्या डोळ्यात बघून त्यांना माझ्या घरातल्या दुपारी कशा दिसल्या?

त्यांनी दिवा लावला. "पाळीच्या काही गोळ्या चालू आहेत का?"

मागच्या स्टुलावरून आई बोलल्या, "हिच्या पुतण्याची मुंज होती हो, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत होती. मुंजीची तारीख दहा दिवस पुढे गेली, तशा हिने गोळ्याही वाढवल्या. केमिस्टकडून आणलेल्या, डॉक्टरला नाही विचारलं. मीच म्हटलेलं हिला, घरचं कार्य आहे, बघ काहीतरी." मग एकदम हळू आवाजात, "त्याने काही झालंय का?"

मॅडमनी माझ्या डोळ्याच्या आतला फोटो काढून स्क्रीनवर दाखवला. नारिंगी गोळा, त्यात लाल फांद्या. डोळ्याची नस जिथून मेंदूकडे जाते, तिथला काठ रेखीव हवा. माझा सुजून पसरलेला... ओल्या कागदावर शाई फुटावी तसा.

"दुखणं डोळ्याचं नाहीये. डोक्याच्या आत दाब वाढलाय. कशाने, ते एमआरआयमध्ये कळेल. आजच करायचा. आता घरी जाऊ नका, इथूनच निघा."

त्यांनी स्वतः ठाण्याच्या एका हॉस्पिटलला फोन लावला. नवरा ऑफिसमधून थेट तिथे पोचला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हाही थेंबांचा असर होता. आवाजावरून ओळखलं मी त्याला.

मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. तिथले डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी सगळ्यांनाच असं होत नाही, पण काहींना होऊ शकतं. उशीर झाला असता तर फिट येऊ शकली असती, दृष्टीही जाऊ शकली असती.

नऊ दिवस ऍडमिट होते, मग सहा महिने रक्त पातळ करायची औषधं. तो आवाज नेमका कधी थांबला, सांगता येणार नाही. एका दुपारी लक्षात आलं की घर नुसतं शांत आहे... आणि त्या शांततेलाच घाबरून मी टीव्ही लावला.

आता बरी आहे. हे आज लिहितेय कारण परवा खालच्या मजल्यावरची मुलगी आईंना जिन्यात सांगत होती, साखरपुड्याच्या वेळी अडचण नको म्हणून गोळ्या आणायला चाललेय. आईंनी तिचा हातच धरला. "आधी डॉक्टरला विचार गं. सगळं सांग त्यांना. आमच्या हिला..." शेवटपर्यंत त्या मुलीचा हात सोडला नाही त्यांनी.

मॅडम, तुम्ही हे वाचाल की नाही, माहीत नाही. तुमच्याकडे त्या दिवशी बाहेर बरीच गर्दी होती, आणि मी तक्ता पूर्ण वाचला होता. नंबर शून्य आहे, जा घरी, असं म्हणता आलं असतं तुम्हाला...

थँक्यू.