हेरल्डचे दिवे

चेन्नईत पश्चिम मांबळमच्या त्या गल्लीत शेषगिरीरावांची सत्तर सालची स्टँडर्ड हेरल्ड सगळ्यांना ठाऊक होती. विमा कचेरीतला हा निवृत्त तंजावरी मराठी कारकून चौतीस वर्षं गाडीला परका हात लागू देत नव्हता.

२००४ मध्ये त्यांच्या पत्नी राजसबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दुपारी तीन ते सात. जाताना उजेड असायचा, येताना अंधार. त्या अंधारात शेषगिरीरावांची त्रेधा उडू लागली. एकदा चाक दुभाजकावर चढलं. एकदा रस्त्यात बसलेली गाय गाडी अगदी जवळ जाईस्तोवर दिसली नाही.

"अप्पा, कॉल टॅक्सी सांगत जा," लेक कीर्तना पेरुंगुडीच्या ऑफिसातून फोनवर म्हणाली.

"दिवे मंद झालेत. तेवढं केलं की झालं."

त्यांनी मीटर लावून पाहिला. बॅटरीत साडेबारा व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम दहा. जुन्या बारीक वायरी आणि डॅशवरचा झिजलेला स्विच, सगळा करंट त्यातून जायचा, वाटेतच जिरायचा. पुदुपेट्टैच्या सुट्या भागांच्या बाजारातून त्यांनी दोन रिले आणले. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत फ्यूज घालून थेट जाड वायर ओढली. आता स्विचने फक्त रिलेला इशारा करायचा, जाड वायरीतला करंट रिलेच सोडणार. तीन दिवस ते बॉनेटमध्ये वाकून होते. राजसबाई पायरीवर बसून बघत. त्यांना दिवसाला मोजकंच पाणी पिता येई, तरी त्या नवऱ्यासाठी चहा घेऊन येत.

संध्याकाळी समोरच्या भिंतीवर दोन पांढरेशुभ्र गोल उमटले.

"अय्यो, केवढा उजेड!" राजसबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. शेषगिरीरावांना ते गोल लख्ख दिसले. समोरचं त्यांना दिसतच होतं.

गुरुवारी परतताना डावीकडून आलेल्या सायकलवाल्याला त्यांनी धडक दिली. राजसबाईंची किंकाळी त्यांना आधी ऐकू आली, माणूस नंतर दिसला. तो कोपर धरून उठला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, एवढा लाइट आहे तुमचा! त्यात मी दिसलो नाही?"

दुसऱ्या दिवशी शेषगिरीराव डोळे तपासायला गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. कडेकडेची नजर कधीच गेली होती. समोरचं दिसत होतं म्हणून कळलं नव्हतं.

"ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"उरलंय ते टिकवायला. गेलेलं परत येत नाही."

"किती टिकेल?"

त्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत राहिल्या.

घरी आल्यावर शेषगिरीरावांनी हेरल्डच्या बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या. राजसबाई म्हणाल्या, "रिक्षाने जाऊ. मला काय, कसंही चालतं." त्यावर ते पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले, आणि मग बराच वेळ न्हाणीघरात तोंड धूत राहिले.

रिक्षाने त्यांनी दोन वर्षं ये-जा केली. डोळ्यांत घालायचे थेंब चुकवले नाहीत, ऑपरेशनही झालं, तरी नजर आवळतच गेली. शेवटी ते वॉर्डात राजसबाईंच्या अगदी समोर स्टूल ओढून बसत. नर्स त्यांना आजोबा समजून म्हणे, "ताता, बाजूला बसा, वाट अडते."

बाजूला बसलं की त्यांना नुसतं मशीन दिसे.